सीईएशी माझं जमलं कसं

सीईए ही तपासणी मला बरीच वर्षं मुळीच आवडायची नाही. लॅब माझी, मशीन माझं, पैसेही माझ्याच गल्ल्यात पडायचे, तरीही. एखाद्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून पाठवली की मी करून द्यायचे, आणि रिपोर्टवर सही करताना मनात म्हणायचे, याने काय कळणार आहे? आतड्याचा कॅन्सर पसरलाय की नाही हे बघायचं ना, मग सरळ स्कॅन करा आणि बघा. रक्तातल्या आकड्यावरून तर्क लढवत बसायचे दिवस गेले.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. पण ते पार उलटंही झालेलं नाही, म्हणून जरा बैजवार लिहायला बसले आहे.

आधी नावड कशामुळे ते सांगते. सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन. १९६५ साली कॅनडात माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन शोधलं. त्यांची युक्ती साधीच, पण फार हुशारीची होती. एकाच रुग्णाच्या आतड्याचा गाठ असलेला तुकडा घ्यायचा आणि त्याच आतड्याचा गाठीपासून लांबचा, चांगला तुकडाही घ्यायचा. माणसामाणसातल्या फरकाची भानगडच मिटली. गाठीत जे आहे आणि चांगल्या भागात नाही, ते कॅन्सरचं. तेच प्रथिन गर्भाच्या आतड्यातही सापडलं, त्यावरून नाव पडलं. त्या काळी लोकांना वाटलं, आता एका सुईत कॅन्सर कळणार.

तसं काही झालं नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए वाढतं. लिव्हर बिघडलं की वाढतं, कारण रक्तातून ते काढून टाकायचं काम लिव्हरचंच. स्वादुपिंडाला सूज आली, आतड्याला जुनी सूज असली, तरी वाढतं. आणि उलट, आतड्यात पाच सेंटिमीटरची गाठ बसलेली असताना सीईए दोनच्या आत, असेही रुग्ण मी ढिगाने पाहिलेत. धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला ही तपासणी वापरू नये, हे जगभरातले तज्ज्ञ कधीपासून सांगताहेत. तरी ती 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडच्या शेजारी जाऊन बसलेली असते. मग कुणा काकांचं सीईए पाचच्या मर्यादेपुढे, सहा पूर्णांक दोन येतं, संगणक तो आकडा ठळक छापतो, घरात कुणी जेवत नाही, कोलोनोस्कोपी होते, सीटी होतो, आणि शेवटी सापडतं काय, तर दिवसाला एक बंडल विडी. असल्या तपासणीवर प्रेम करायचं तरी कसं?

स्कॅनवर मात्र माझी भक्ती होती. आम्ही लॅबवाले काचपट्टीवर पेशी बघतो, तेव्हा डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीवर आमचा विश्वास जास्त. सीटीत लिव्हरमध्ये डाग दिसला तर पसरलाय, नाही दिसला तर नाही. पेट स्कॅनमध्ये तर काय, गाठ दिव्यासारखी पेटलेलीच दिसते. रेडिओलॉजिस्ट रिपोर्टाच्या तळाला 'क्लिनिकली कोरिलेट करा' लिहितात, ते मला अंग काढून घेणं वाटायचं. दिसतंय तर दिसतंय म्हणा की!

माझा हा ताठा पहिल्यांदा ढिला केला तो एका सूनबाईने. सासऱ्यांच्या उजव्या बाजूच्या आतड्याची गाठ काढलेली होती, आसपासच्या लिम्फ ग्रंथींत पेशी सापडल्या होत्या म्हणून तिसरी स्टेज, केमो पुरा झालेला. दर तीन महिन्यांनी ती त्यांना सीईएला घेऊन यायची. ही बाई गावच्या दूध डेअरीत हिशेब लिहायची. फॅट, लिटर, दर असले रकाने आखायची सवय हाताला होती. तिने सासऱ्यांचीही वही केली होती. तारीख, सीईए, वजन, शेवटचा स्कॅन कधी. एकदा तिने वही माझ्यासमोर उघडली आणि रकान्यावर बोट ठेवलं: १.३, १.९, २.८, ४.१.

"मॅडम, हे वाढतंय न्हवं?"

मी तेव्हा जे मानत होते तेच तिला सांगितलं. पाचच्या आत आहे, सीटी स्वच्छ आहे, काळजी करू नका. तिने ऐकून घेतलं, वही पिशवीत टाकली आणि सर्जनकडे जाऊन तीच वही त्यांच्यापुढे उघडली. सर्जननी लिव्हरचा एमआरआय करायला लावला. उजव्या भागात दोन लहान डाग निघाले. सीटीत तिथे काही दिसलं नव्हतं.

मला त्या रात्री कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवत राहिला. आम्ही सांगलीकर पावसाळ्यात कृष्णेची पातळी कशी बघतो? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. पण पाणी तीस फुटांवर असताना कुणी 'तीस आहे, निवांत झोपा' म्हणतो का? सकाळी किती होतं, दुपारी किती झालं, कोयना धरणातून किती सोडलंय, हे आधी विचारतो. २०१९ च्या पुरात ज्यांनी नुसता आकडा बघितला आणि चढ बघितला नाही, त्यांच्या घरात पाणी शिरलं. सीईएच्या रिपोर्टावर छापलेली पाचची मर्यादा ही हजारो निरोगी माणसांवरून काढलेली रेघ आहे. ऑपरेशन झालेल्या एका विशिष्ट काकांना ती रेघ फारशी उपयोगाची नाही. त्यांची रेघ म्हणजे ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी आलेला त्यांचा स्वतःचा आकडा. गाठ पूर्ण निघाली असेल तर तोवर सीईए खाली येऊन स्थिरावतं; नाही आलं तर कुठेतरी काहीतरी शिल्लक आहे, अशी शंका घ्यायची. पुढचं सगळं वाचायचं ते त्या आकड्याच्या जोडीने.

एकदा असं बघायला लागल्यावर माझ्याच धंद्यातल्या काही गोष्टी मला खुपायला लागल्या. लोक सीईए जिथे सवलत असेल तिथे करतात. एकदा आमच्याकडे, एकदा मिरजेला, एकदा लेकीकडे पुण्याला गेले होते म्हणून तिथे. प्रत्येक कंपनीचं किट वेगळं, त्यातली अँटिबॉडी वेगळी, आणि एकाच माणसाच्या एकाच नळीतल्या रक्ताचे दोन मशीनवर दोन आकडे येतात, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणजे तीन लॅबचे तीन आकडे एका रेघेत मांडले तर निघणारा चढ कॅन्सरचा की किटचा, हे देवालाच ठाऊक. आमच्याकडे मशीन बदललं तेव्हा नेहमीच्या रुग्णांचे नमुने काही दिवस दोन्ही मशीनवर लावून दोन्ही आकडे रिपोर्टात दिले. टेक्निशियन पोरं वैतागली, किटचा खर्चही दुप्पट झाला. पण आधी मला हे करायचं सुचलंही नसतं, कारण आधी मी आकड्याला एकटा समजत होते.

आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या खाणाऱ्या बायका खूप आहेत. काही मशीनची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते, आणि रक्तात ते जास्त असलं की सीईए खोटं कमी येतं. तेव्हा रक्त घेताना 'केसांची गोळी चालू आहे का' हे विचारावं लागतं. बायका हसतात. कॅन्सरच्या तपासणीत केसांचं काय, म्हणतात. आकडा दुसऱ्या बाजूनेही फसवतो: केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए उलट वर उसळू शकतं, ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध दिलं असेल तर जास्तच. तेव्हाही घाबरून औषध बदलायचं नसतं.

स्कॅनचं काय? इथे मला जास्त शिकावं लागलं, कारण अज्ञान जास्त होतं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि मी असे बसून कठीण केसेस बघतो. तिथे रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून मला पहिल्यांदा कळलं, की सीटी हा फोटो नाहीच. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून तिथून सुटलेल्या पेशी पहिल्यांदा लिव्हरमध्येच अडकतात. (गुदाशयाच्या अगदी खालच्या भागाचं रक्त मात्र लिव्हरला वळसा घालून जातं, म्हणून तिथली गाठ सरळ फुप्फुसात दिसू शकते.) लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल शिरेचं, आणि पसरलेल्या गाठीला मुख्यतः धमनीचं. शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी चित्र घेतलं की चांगलं लिव्हर उजळलेलं असतं आणि गाठ मागे राहून काळसर दिसते. म्हणजे आपण बघतो ती गाठ नसते, उजळण्यातला फरक असतो. वेळ चुकली, लिव्हरमध्ये चरबी जास्त असली, तर तो फरक मावळतो. आणि काही मिलिमीटरच्या डागात तर तो गाठ आहे की साधी पाण्याची पिशवी, हे सीटीला ठरवताच येत नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात. तेव्हा 'स्कॅन क्लीन आला' याचा अर्थ एवढाच, की या यंत्राला दिसेल एवढं मोठं, या वेळेला, काही नव्हतं.

फ्रान्समधला २००६ साली छापून आलेला एक अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही. केमोनंतर लिव्हरमधले जे डाग सीटीत पूर्ण नाहीसे झाले होते, त्या जागांचा पाठपुरावा केला. काही काढून तपासल्या, काहींवर लक्ष ठेवलं. ६६ पैकी ५५ जागी कॅन्सर शिल्लक होता किंवा तिथेच पुन्हा उगवला. म्हणजे चित्रातून पुसला गेला, शरीरातून नाही.

पेट स्कॅनची माझी भक्ती तर सगळ्यात आधी उतरली. त्यात रुग्णाला किरणोत्सारी साखर टोचतात, तासभर शांत पडून राहायला सांगतात आणि ती साखर कुठे जास्त खाल्ली गेली ते बघतात. कॅन्सर साखर खातो हे खरं. पण आपल्याकडे क्षयाच्या जुन्या ग्रंथीही साखर खातात. छातीतली गाठ लखलखते, घरचे रडतात, सुईने नमुना घेतला की माझ्या काचपट्टीवर क्षयाचा ग्रॅन्युलोमा दिसतो, कॅन्सर नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आख्खं आतडं उजळतं आणि त्यात खरी गाठ लपून जाते. उलट बुळबुळीत श्लेष्मा भरलेल्या आणि सिग्नेट रिंग प्रकारच्या गाठी फार साखर खातच नाहीत. हा सिग्नेट रिंग प्रकार आपल्याकडच्या तरुण रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या नोंदींतही तो उठून दिसलाय. हा पसरतो पोटाच्या आतल्या पडद्यावर, रव्याच्या कणांएवढ्या ठिपक्यांनी. सीटीला ते ठिपके दिसत नाहीत, पेट उजळत नाही, आणि सीईएही बऱ्याचदा गप्प असतं. दुर्बीण घालून पोटात बघितल्यावरच कळतं. कॅनडात लिव्हरच्या ऑपरेशनआधी पेट-सीटी करून काय फरक पडतो हे पद्धतशीर तपासलं गेलं. २०१४ साली निकाल छापला: ऑपरेशनचा बेत बदलला तो शंभरात आठेक जणांचा, आणि आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आमच्याकडे मात्र 'पेट केलं नाही' म्हणजे नातेवाईकांना पाप केल्यासारखं वाटतं. जमीन गहाण टाकून करतात.

अन्याय नको म्हणून हेही सांगते, की गुदाशयाच्या गाठीचा एमआरआय ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते. गाठ आणि भोवतीच्या चरबीचं आवरण यांत एक मिलिमीटर तरी अंतर उरलंय का, हे तो ऑपरेशनआधी सांगतो. युरोपातल्या मर्क्युरी अभ्यासाने हे २००६ मध्ये दाखवून दिलं. आधी रेडिएशन द्यायचं की थेट ऑपरेशन, हे त्यावर ठरतं. काढलेला भाग माझ्याकडे येतो तेव्हा मी शाई लावून, काप घेऊन तेच अंतर मोजते, आणि बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्टचं बरोबर निघतं.

मग सीईएवर माझा जीव जडला म्हणायचा का? थोडा जडला होता. सूनबाईंच्या वहीनंतर काही काळ मी फारच उत्साहात होते. तीन महिन्यांऐवजी दर महिन्याला करावं, लवकर कळेल, असं म्हणायला लागले होते. त्या उत्साहावर पाणी पडलं ते जुने अभ्यास वाचल्यावर. ब्रिटनमध्ये १९८२ ते १९९३ या काळात १४४७ रुग्णांचं सीईए नेमाने मोजत होते. ज्या २१६ जणांचं वाढलं त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात सर्जनला आकडा कळवायचा आणि पोट पुन्हा उघडून शोधायचं, दुसऱ्या गटात आकडा कळवायचाच नाही. दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखे निघाले. याचा सविस्तर अहवाल छापला गेला तो थेट २०१४ साली. मधली दोन दशकं जगभर लोक आकडा वाढला की धावत राहिले.

त्याच २०१४ साली ब्रिटनचाच दुसरा अभ्यास आला, फॅक्स नावाचा, १२०२ रुग्णांचा. इथे चित्र थोडं बरं होतं. लक्षणं दिसल्यावरच बघू म्हणणाऱ्या गटात बरं होण्याच्या आशेने पुन्हा ऑपरेशन करता आलं ते शंभरात दोन-सव्वादोन जणांचं. नेमाने सीईए करणाऱ्या गटात ६.७, नेमाने सीटी करणाऱ्या गटात ८, आणि दोन्ही करणाऱ्या गटात ६.६. दोन्ही केल्याने काही जास्त पदरात पडलं नाही. एकूण मृत्यूंतही ठाम फरक दिसला नाही. पुढे २०१८ साली स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेतल्या अडीच हजार रुग्णांचा कोलोफोल अभ्यास आला. तीन वर्षांत पाचदा तपासलेले आणि दोनदाच तपासलेले, पाच वर्षांनी दोघांचे मृत्यू शंभरात १३ आणि १४.

हे वाचून मला काही दिवस काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं आकडा खरा की चित्र खरं यावर मी मनाशी वाद घालत होते, आणि हे अभ्यास विचारत होते, कळल्यावर करणार काय आहात? लिव्हरमध्ये दोनच डाग असतील आणि काढता येण्यासारखे असतील, तर लवकर कळण्याला मोल आहे. असे काही रुग्ण पुढे दहा-दहा वर्षं जगतात. ज्यांचं वय, हृदय, किडनी पाहता पुढचं ऑपरेशनही नाही आणि केमोही नाही, त्यांना दर तीन महिन्यांनी सुई टोचून आपण फक्त त्यांची झोप मोजतो. डेअरीवाल्या सूनबाईंच्या सासऱ्यांचं ऑपरेशन होऊ शकलं. नंतर फुप्फुसात एक ठिपका आला. तो वाढतोय का हे बघत आहेत. वही चालू आहे.

सध्या नवीन प्रश्न येतात ते रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएबद्दल. ऑस्ट्रेलियाचा डायनॅमिक अभ्यास २०२२ मध्ये आला. दुसऱ्या स्टेजच्या ४५५ रुग्णांत, ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडला तरच केमो द्यायचा असं ठरवल्यावर केमोची गरज २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, आणि कॅन्सर परत येण्याच्या प्रमाणात नुकसान दिसलं नाही. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की इथे तपासणीच्या आधीच ठरलं होतं, असा रिपोर्ट आला तर हे, तसा आला तर ते. आमच्या भागातल्या रुग्णाला परवडण्यासारखी ती अजून नाही, आणि कुणी कर्ज काढून करू म्हटलं तर मी आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावते.

आमच्या टेक्निशियनला माझा हा बदल धंद्याच्या मुळावर उठलेला वाटतो. सीईएला कुणी आलं की आता मी आधी विचारते: ऑपरेशन कधी झालं, मागचे रिपोर्ट कुठल्या लॅबचे, विडी चालू आहे का, डॉक्टरांनी काय बघायला सांगितलंय. ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सांगते, कुठेही करा, पण एकाच ठिकाणी करत राहा, आणि मागच्या सगळ्या आकड्यांचा तक्ता रिपोर्टाखाली छापून देते. ज्याला काहीच झालेलं नाही आणि नुसतं 'कॅन्सरचं एकदा बघून टाकू' म्हणून आलाय, त्याला पंचेचाळिशी उलटली असेल तर शौचातून रक्त जातंय का, घरात कुणाला होता का, हे विचारते आणि कोलोनोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर देते. सीईए करत नाही. त्यातले निम्मे माझ्यावर रागावतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे पॅकेजात करून घेतात. तिथे सोबत व्हिटॅमिन डी फुकट आहे.